परवाने घटतील, जाळी कधी उतरणार?

मा. संपादक,

राज्य सरकारच्या 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशानुसार पर्ससीन (थव्याला वेढून तळाशी आवळायचे मोठे जाळे) परवाने टप्प्याटप्प्याने 182 वर आणायचे आहेत. मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर आणि जाळ्याचा आस (भोकाचे माप) किमान 25 मिलिमीटर, असेही त्यात आहे. परवाना रद्द झाला तरी जाळे आणि विंच (दोर ओढायचे यंत्र) मालकाकडेच राहतात, ही खरी अडचण.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर सॅल्मनची तरती जाळी अशीच हळूहळू बंद केली गेली. (सॅल्मन म्हणजे आपला रावस नव्हे. इंग्रजीत रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, म्हणून बाजारात हा घोळ.) सॅल्मन अंडी घालायला समुद्रातून नदीत परततो; समुद्रातले जाळे मासा भरपूर असलेल्या नदीचा सॅल्मन धरते तसाच मासा रोडावलेल्या नदीचाही, हे तिथले कारण. 1992 मध्ये परवाने 142 होते. नवा द्यायचा नाही आणि धारक बाजूला झाला की त्याचा संपला, एवढेच धोरण. दहा वर्षांत संख्या जेमतेम निम्मी झाली. 2003 मध्ये बहुतेकांना पैसे देऊन परवाने सोडवून घेतले, तेव्हा कुठे 16 उरले.

आता आसाचे बघा. बटव्याची नाडी ओढावी तसा विंच तळच्या कड्यांतला दोर ओढतो आणि अख्खा थवा कोंडला जातो. आस ताणून, गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत मोजतात; म्हणजे 25 मिलिमीटरच्या भोकाचा घेर झाला 50. राज्याने 2023 मध्ये पकडायच्या बांगड्याची किमान लांबी ठरवली. तेवढ्या बांगड्याच्या पोटाचा घेर 50 हून बराच जास्त भरतो. त्यामुळे त्याहून लहान, पकडायला मनाई असलेला बांगडाही नियमातल्या जाळ्यात अडकणारच. तो परत समुद्रात टाकला तरी दाबाने, खवले जाऊन बहुधा मेलेलाच असतो. दोन्ही नियम एकाच खात्याचे, पण एकत्र मोजून कोणी पाहिलेले दिसत नाहीत.

तपासणी समुद्रात होणे अवघड. 12 सागरी मैलांपलीकडे राज्याचा कायदा चालत नाही आणि मासळी पलीकडची की अलीकडची, हे तिच्यावर लिहिलेले नसते. बंदरात मात्र जाळे लपत नाही. शिसे आणि कड्या धरून त्याचे वजन टनावारी असते. 1 जानेवारीला ते बोटीवरून उतरवून सहकारी संस्थेच्या गोदामात मोहोरबंद करावे. आस जाळ्याच्या झोळीच्या (शेवटी मासळी जमते त्या) भागात, जाळे ओले असताना, सलग दहा-वीस ठिकाणी मोजून सरासरी काढावी. एकाच भोकावर पट्टी लावली तर मालक हवे ते भोक दाखवतो.

परवाना परत घेताना जाळे, कड्या व विंच यांची किंमत ठरवून ते ताब्यात घ्यावेत. नाहीतर तेच जाळे दुसऱ्या बोटीवर चढते. भरपाईच्या हिशेबात खलाशीही धरावेत. एका पर्ससीनवर पंचवीस-तीस माणसे असतात आणि परवान्यावर त्यांतल्या एकाचेही नाव नसते.

– एक मत्स्यव्यवसाय अभ्यासक, वर्सोवा, मुंबई