पाणबुड्या झाल्या, एआयपी कधी?

संपादक महोदय,

१५ जानेवारी २०२५ रोजी ‘आयएनएस वाघशीर’ नौदलात दाखल झाली आणि माझगाव डॉकने बांधलेल्या कलवरी वर्गातल्या सहाही पाणबुड्या पूर्ण झाल्या. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. मात्र यांतली एकही पाणबुडी ‘एआयपी’ (एअर इंडिपेंडंट प्रपल्शन), म्हणजे बाहेरची हवा न घेता पाण्याखालीच वीज तयार करणाऱ्या यंत्रणेसह नौदलात आली नाही. ही यंत्रणा विकसित करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा तर माझगावपासून लोकलच्या पल्ल्यात, आमच्या अंबरनाथमध्येच आहे.

डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीच्या बॅटऱ्या उतरल्या की तिला वर यावे लागते. स्नॉर्केलची नळी पाण्याबाहेर काढून डिझेल इंजिन चालवावे लागते, आणि नेमकी तेव्हाच ती शत्रूच्या नजरेस पडू शकते. एआयपी असेल तर, संथ गतीने का होईना, दोनेक आठवडे पाण्याखाली राहता येते. पाकिस्तानच्या अगोस्टा पाणबुड्यांवर ही सोय आधीच झाली आहे.

अंबरनाथच्या शास्त्रज्ञांनी वाट सोपी निवडली नव्हती. त्यांच्या एआयपीतल्या फ्युएल सेलला, म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज तयार करणाऱ्या संचाला, लागणारा हायड्रोजन टाक्यांत भरून न्यावा लागत नाही, तो पाणबुडीतच तयार होतो. बंदिस्त पाणबुडीत माणसांशेजारी हायड्रोजनचा साठा नसणे केवढे मोलाचे आहे! मार्च २०२१ मध्ये जमिनीवरील नमुन्याची चाचणी यशस्वी झाली. पण ही यंत्रणा पाणबुडीत बसवण्याचा सुमारे १,९९० कोटींचा करार व्हायला ३० डिसेंबर २०२४ उजाडला. आता दुरुस्तीसाठी गोदीत येणाऱ्या पाणबुडीचा सांगाडा कापून त्यात एआयपीचा नवा भाग जोडायचा आहे.

पाणबुड्यांचा मूळ करार २००५ चा. म्हणजे यंत्रणा कधी लागणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होते. उशिराचे खापर एकट्या शास्त्रज्ञांवर फोडणे मला पटत नाही. चाचणीनंतरची पावणेचार वर्षे कशात गेली, हे संरक्षण मंत्रालयाने संसदेच्या स्थायी समितीला सांगितले पाहिजे. संशोधनाला मंजुरी देतानाच नौदल, गोदी आणि प्रयोगशाळा यांचे वेळापत्रक एकत्र ठरावे आणि त्याला जबाबदार असा एकच अधिकारी प्रकल्प संपेपर्यंत बदलू नये. गुप्तता तंत्रज्ञानाची जरूर राखा. ती दिरंगाईला कशाला?

नौदलाच्या पुढच्या पाणबुड्यांच्या ‘७५ आय’ प्रकल्पात परदेशी भागीदाराकडे समुद्रात सिद्ध झालेली एआयपी हवी, अशी अट घालावी लागली. आपली यंत्रणा वेळेत पाण्यात उतरली असती, तर तिलाही तिथे दावा सांगता आला असता. निदान पहिल्या कलवरी पाणबुडीवर ती कधी बसणार, ती तारीख सरकारने जाहीर करावी.

– एक वाचक, अंबरनाथ