संगीत नाटकांचेही चित्रण व्हावे

महोदय,

फ्रांचेस्को रोझी यांचा ‘कारमेन’ (१९८४) हा ऑपेरापट, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकावरचा चित्रपट, नुकताच पाहिला. त्यातली फ्रेंच कळत नाही, तरी नायिका ज्युलिया मिगेनेसचा चेहरा जवळून पाहताना अंगावर काटा आला. गाणे आधी ध्वनिमुद्रित, चित्रण स्पेनमधल्या अंदालुसियातल्या खऱ्या गावांत. नाट्यगृहातला जिवंत श्वास त्यात नाही, पण गायक प्लासिदो डोमिंगोंचा ऐन उमेदीतला आवाज कायमचा राहिला.

आमच्या रत्नागिरीत दिवसभर नोकरी करून रात्री तालमीला येणारे, ऑर्गन-तबल्याच्या साथीने ‘सौभद्र’ रंगवणारे गायक नट आहेत. त्यांचे प्रयोग मागच्या रांगेतून मोबाइलवर टिपले जातात. पदे ऐकूच येत नाहीत. सांस्कृतिक खात्याने निदान स्पर्धेतली नाटके तरी दोन-तीन कॅमेरे आणि चांगले ध्वनिमुद्रण वापरून चित्रित करावीत.

– एक नाट्यरसिक, रत्नागिरी