आधी शरीर समजू द्या

महोदय,

आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणात उपकरणे हाताळण्याची घाई होते आणि शरीररचना व शरीरक्रिया हे विषय उरकले जातात, याची मला मनापासून काळजी वाटते. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायचे, हे पाठ करता येते. परंतु प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ दिली तरच हृदयात पुन्हा रक्त भरते, हे ज्याला उमगले आहे, तो हात दमले तरी छातीवर रेलून राहत नाही. श्वासाचेही तसेच. बेशुद्ध माणूस उताणा असला की सैल पडलेली जीभ मागे सरकून श्वासमार्ग अडवते. कपाळावर एक हात ठेवून डोके मागे झुकवले आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी हनुवटी उचलली की तो मोकळा होतो (मानेला इजा झाल्याची शंका असल्यास मात्र आधी जबडाच पुढे ढकलावा). ही कारणे शिकवण्यासाठी अभ्यासक्रमात पुरेसे तास द्यावेत.

– एक प्रशिक्षक