पारा उतरला म्हणजे गोठा निवाला असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर 'वळवाने पारा उतरला, जिल्ह्याला दिलासा' असे वाचले. तापमान 42 वरून 35 वर आले, हा आकडा बरोबरच असणार. पण दिलासा कुणाला मिळाला? काल दुपारी आमच्या गोठ्यातल्या दोन्ही एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन या जास्त दूध देणाऱ्या विदेशी वंशाच्या) गाई जीभ बाहेर काढून धापा टाकत उभ्या होत्या. खाली बसायला तयार नव्हत्या आणि गव्हाणीतल्या मुरघासाला त्यांनी तोंडही लावले नव्हते. आदल्या आठवड्यात 42 अंशांत त्या एवढ्या बेजार नव्हत्या. त्यात आतल्या पानावर पशुपालकांना सल्ला दिला आहे की गोठ्याला चारी बाजूंनी ओली पोती लावा आणि आत फवारे चालू ठेवा. तो वाचला आणि पत्र लिहायलाच बसले.

उष्णता जनावराच्या कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांना कळते. 2021 साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना याच विषयातले नोबेल मिळाले, तेव्हा तुमच्याच पुरवणीत सविस्तर लेख आला होता. मिरचीची आग आणि 43 अंशांच्या आसपासचा चटका मज्जातंतूत एकाच दाराने शिरतो, हे मला त्यातून कळले. निरोप मेंदूला पोहोचला की तिथून हुकूम सुटतात: कातडीकडे रक्त जास्त पाठव, घाम काढ, श्वास वाढव, खाणे कमी कर. यातला घाम काय आणि धाप काय, पाणी वाफ होऊन उडून गेले तरच अंग निवते. हवा आधीच दमट असेल तर पाणी उडत नाही. गाय आणखी जोरात धापा टाकते आणि त्या श्रमाने तिचे अंग आणखी तापते.

तापमान आणि आर्द्रता एकत्र धरून जनावरांसाठी एक निर्देशांक काढतात. तो 72 च्या वर गेला की दुभत्या संकरित गाईला त्रास सुरू होतो. त्याच्या नेहमीच्या सूत्रात आकडे घालून पाहा. 40 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर तो सुमारे 84 येतो. 32 अंश आणि 80 टक्के असेल तर 86. तुमच्या मथळ्याप्रमाणे यातला दुसरा दिवस दिलाशाचा ठरतो.

दोन वर्षांपूर्वी असाच वळीव झाला होता. आमची दुसऱ्या वेताची, आठ महिन्यांची गाभण गाय दिवेलागणीला कोसळली. तोंडाला फेस, ताप 107. वीज गेलेली होती. डॉक्टर येईपर्यंत आम्ही तिच्या अंगावर पाणी ओतत होतो आणि मुलगा पुठ्ठ्याने वारा घालत होता. रात्री ती गेली, पोटातल्या वासरासकट. शवविच्छेदन झाले, उष्माघाताचा दाखला मिळाला, कानातला बिल्ला जमा केला, कागद सगळे पुरे केले. मग विमा कंपनीचे साहेब आले आणि वर्तमानपत्राचे कात्रण पुढे ठेवून म्हणाले, "ताई, त्या दिवशी तर 34 होतं. पेपरात दिलासा म्हणून छापलंय. उष्माघात होईलच कसा?" दावा नामंजूर झाला.

ते कात्रण तुमच्या अंकाचे होते. त्यात खोटे काही नव्हते, हे मी मान्य करते. पण अर्धीच गोष्ट छापली गेली आणि तीच आमच्या विरोधात पुरावा म्हणून आली. आमच्या यजमानांनी तेव्हाच पत्र पाठवले होते. ते छापले नाही, उत्तरही आले नाही.

कुणी म्हणेल की मग खिलार पाळा. खिलार आमच्या माणदेशाचेच जनावर आहे आणि दारात अजून एक आहे. पांढरे आखूड केस, गळ्याची लोंबती पोळी, भरपूर घामग्रंथी, त्यामुळे ते उन्हात तग धरते. शिवाय दूध थोडे, म्हणून वैरण पचवताना आणि दूध तयार करताना पोटात, अंगात उष्णताही कमी तयार होते. वीस लिटर दूध देणाऱ्या गाईचे तसे नाही. पण कर्जाचा हप्ता तिच्याच दुधावर फिटतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ओल्या पोत्यांबद्दल. एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात, वारा येतो त्या बाजूला ओले पोते लावले तर उपयोग होतो. दमट हवेत पत्र्याचा गोठा चारी बाजूंनी बंद करून आत फवारे मारणे हे जनावर कोंडून मारण्यासारखे आहे. बाजू उघड्या ठेवाव्यात, पाठीवर पाणी मारून कातडीपर्यंत भिजवावे आणि मग पंख्याने ते वाळू द्यावे. वैरण पहाटे आणि रात्री उशिरा टाकावी. सल्ला छापण्याआधी निदान एखाद्या पशुवैद्यकाला दाखवत जा.

हवामान खाते सकाळी 8.30 आणि संध्याकाळी 5.30 ची आर्द्रता नोंदवते. कमाल-किमान तापमानाच्या चौकटीत तुम्ही राशिभविष्याएवढीही जागा तिला देत नाही. ते दोन आकडे रोज छापा. रात्रीचे किमान तापमानही बातमीत घ्या, कारण दिवसभर अंगात साठलेली उष्णता गाय रात्रीच्या गारव्यात बाहेर टाकते. रात्र तापलेली राहिली की दुसऱ्या दिवशी ती सकाळीच धापा टाकू लागते.

लिहितेच आहे तर आणखी एक. उकाड्यात गाय वैरण कमी खाते, त्यामुळे दूध घटते आणि फॅटही उतरते. याचा फटका एकदोन दिवसांनी बादलीत दिसतो. संकलन केंद्रावर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) खाली गेले की दर कापतात. त्यात दोष ना गाईचा ना आमचा, तरी पैसे आमचेच जातात. तुमच्या वार्ताहराने एकदा केंद्राकेंद्रावर फिरून उन्हाळ्यातल्या या कपातीची बातमी करावी. आमच्या मार्च ते मेच्या पावत्या मी दाखवायला तयार आहे.

आपली,
एक दूध उत्पादक, सांगोला तालुका