गावचं घर उघडायच्या आधी

प्रिय मीनल,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला, घराचे फोटो पण बघितले, आणि फोनवर बोलायला घेतलं तर तू स्टेशनवर आणि मी मागीलदारी असं होऊन सगळं अर्धवट राहील म्हणून लिहूनच काढते. मे महिन्यात तुम्ही दोघं कायमचे इकडे कोकणात येताय याचा किती आनंद झालाय ते वेगळं सांगायला नको. आणि तू जे विचारलंस, की गावात राहायचं तर निसर्गाला कमीत कमी त्रास होईल असं कसं राहायचं, ते मला फार आवडलं गो, कारण इथे घर बांधायला येणारे बहुतेक लोक पहिला प्रश्न टाइल्स कुठे मिळतील हाच विचारतात.

माझं म्हणणं एकच आहे. कुठलीही वस्तू उंबऱ्याच्या आत येताना तिचं पुढे काय होणार ते आधी ठरवायचं. डोंबिवलीत सकाळी घंटागाडी येते, डबा रिकामा होतो, विषय संपतो. आपल्या वाडीत गाडी येत नाही. घरात आलेलं जे काही असेल ते एकतर परड्यात, म्हणजे घरामागच्या बागेत, जिरतं, नाहीतर भंगारवाला नेतो, आणि ही दोन्ही दारं बंद असली की ते पर्यात, म्हणजे ओढ्यात, जातं. पर्यातलं जून-जुलैत समुद्रात, आणि उधाण आलं की तेच परत आपल्या वाळूवर. पावसाळ्यात किनाऱ्यावर जाऊन बघ, चप्पल, बाटल्या, जाळ्यांचे तुकडे, वेफर्सची पाकिटं, सगळी रांग लागलेली असते.

आता तुझ्या फोटोंबद्दल. राग मानू नको पण स्पष्ट लिहिते. पूर्ण खळ्याला, म्हणजे अंगणाला, पेव्हर ब्लॉक घालायचा विचार सोडून दे. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मे मध्ये कित्येक वाड्यांना टँकर लागतो, हे का होतं माहितीये ना, जांभ्याच्या खडकाला भोकं, जमीन उताराची, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर, पाणी थांबतच नाही. त्यात आपण अंगणं फरशीने बंद करत सुटलोय. हिशोब सांगते, १००० चौरस फुटांच्या छपरावर ३००० मिलिमीटर पाऊस पडला की पावणेतीन लाख लिटरच्या आसपास पाणी होतं, म्हणजे १० हजार लिटरचे सत्तावीस टँकर. हे सगळं तुझ्या पागोळीतून खाली पडतं आणि गेटमधून रस्त्यावर जातं. पागोळीला पन्हळ लाव, पाइपने पाणी विहिरीच्या वरच्या अंगाला एका खड्ड्यात सोड, खड्ड्यात खाली मोठे दगड, वर खडी, वर वाळू. पहिल्या एकदोन पावसाचं पाणी बाहेर सोडून द्यायचं, कौलावरची धूळ, पातेरा (वाळका पालापाचोळा), पक्ष्यांची घाण त्यात असते. विहिरीत थेट पाणी सोडू नको, गाळूनच जाऊदे. शेजारच्या काकांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "पाणी जाता खंय ता आधी बघा, मगे पैसे घाला," आणि त्यांचं बरोबर आहे, पाऊस पडत असताना छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारली की कुठून पाणी पळतंय ते दिसतं. यंदा पावसात ते बघ, मगच गवंड्याला खळ्याला हात लावू दे. चिखल नको असेल तर जाण्यायेण्यापुरत्या जुन्या चिऱ्यांच्या (जांभ्याच्या दगडांच्या) पायवाटा कर, मधे माती राहूदे.

कौलं पण काढू नका, हे तुझ्या मिस्टरांना माझ्याकडून सांग. स्लॅब टाकला की उन्हाळ्यात घर तापतं आणि मग एसी आलाच. जगभरात जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला जातो त्यातला ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या उत्पादनातून येतो, त्यामुळे जे घर उभं आहे ते दुरुस्त करून वापरणं हेच सगळ्यात मोठं काम आहे, बांबूचा टूथब्रश त्यानंतर. फुटलेली कौलं बदला, वासे बघून घ्या, वाळवी लागलेला असेल तो बदला. पडवीच्या पाडलेल्या भिंतीचे चिरे टाकू नका, साफ करून परत लावता येतात, नवीन चिरा म्हणजे कुठल्यातरी सड्यावर (जांभ्याच्या माळावर) अजून एक खाण खोल होणार. माळ्याला हवा खेळायला झरोका ठेवा. पंखे नवीन घेणारच असाल तर बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचे, घ्या, जुना पंखा ७५ वॅट खातो तिथे हा साधारण ३० मध्ये फिरतो.

सोलरचं विचारलंस. घ्या, नक्की घ्या. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे, आणि १ किलोवॅटमागे महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट मिळतात, पावसाळ्यात अर्थातच कमी. फक्त दोन गोष्टी. खाऱ्या हवेने साधं लोखंड खातं, तेव्हा गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेलं) स्ट्रक्चरच सांगायचं. आणि २०२० चं निसर्ग वादळ रायगड-रत्नागिरीने सोसलं, पुढच्याच वर्षी मे मध्ये तौक्ते आपल्या दारावरून गेलं, ते लक्षात ठेवून पॅनल घट्ट बांधून घ्यायचे. कौलारू छपरावर वजन टाकण्यापेक्षा गोठ्याच्या किंवा पडवीच्या बाजूला वेगळा सांगाडा बरा.

न्हाणीच्या पाण्याचं तर तुला आठवतच असेल, आपल्या आज्यांनी कधी ते गटारात सोडलं नाही. न्हाणीला लागून केळ, अळू, कर्दळ, आणि पुढे माड. दोघांच्या आंघोळीचं ३० ते ४० लिटर पाणी रोज त्या माडाला मिळतं, उन्हाळ्यात वेगळं शिंपावं लागत नाही. प्लंबर सगळं ड्रेनेज एकाच शोषखड्ड्यात जोडायला बघेल, तेव्हा तू समोर उभी राहा, संडासाचं वेगळं आणि न्हाणी-मोरीचं वेगळं असंच करून घे, नंतर फरशी फोडायला नको. भांड्याला नारळाच्या सोडणाचा काथ्या आणि राख छान चालते, स्टीलची भांडी लख्ख निघतात, आणि ते पाणी झाडाला घालताना मनात धाकधूक राहत नाही.

कचऱ्याचं आता सांगते, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय. बंबात प्लास्टिक जाळायचं नाही. अजिबात नाही. आपल्याकडे घरोघर हेच चालतं, पिशवी, पाकीट, तुटलेली बादली, सगळं बंबाखाली, आणि तो धूर समोर बसलेली बाई आणि तिची नातवंडं घेतात. पीव्हीसीसारखं प्लास्टिक जळताना डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात, ती राख मग आपण अळवाला घालतो. त्यापेक्षा मागीलदारी तीन गोणी टांग. एकीत भंगारवाला घेतो ते, बाटल्या, पत्रा, कागद, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या. (पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नको, नुसती चीर दे, तो इवलासा तुकडा कुठल्याच गोणीत पोचत नाही.) दुसरीत काच आणि बॅटऱ्या. तिसरीत जे कोणीच घेत नाही ते, चकाकणारी पाकिटं, सॅशे, थर्माकोल. ही तिसरी गोणी किती भरते ते बघत जा, म्हणजे पुढच्या महिन्यात दुकानातून काय आणायचं नाही ते आपोआप कळतं. सुटा साबण, किलोवर मिळणारी पावडर, तेल घाण्यावरून आपल्याच कॅनमधून, एवढ्याने ती गोणी निम्म्यावर येते.

वेंगुर्ल्याला वेळ काढून जाऊ आपण. तिथला कचरा डेपो रामदास कोकरे नगरपरिषदेचे मुख्याधिकारी असताना पार बदलला, घरातूनच कचरा वेगळा करून घ्यायला लागले, ओल्यापासून गॅस आणि खत, आणि डंपिंगच्या जागेवर माणसं बघायला यायला लागली. आपल्याच तालुक्यात झालं म्हणून मला त्याचं फार अप्रूप वाटतं. माणसं तीच होती, आपल्यासारखीच.

ओल्या कचऱ्याला तर इथे काही यंत्र नको. परड्यात एक खड्डा, ओलं टाकलं की वर पातेरा, परत ओलं, परत पातेरा, मधून मधून उलथापालथ. माशाचा कचरा मात्र वर ठेवू नको, कुत्री उकरतात, तो माडाच्या आळ्यात खोल पुरायचा. आंब्या-काजूचा पातेरा झाडून जाळतात ना सगळे फेब्रुवारी-मार्चमध्ये, ते नको करू, तोच आळ्यात पसरला की ओल टिकते. सड्याच्या बाजूने मात्र कुंपणालगत पट्टा साफ ठेव, वणवा आला तर तिथे अडतो. गुरं ठेवायचा विचार असेल तर गोबरगॅसचा पण कर, २ घनमीटरच्या प्लांटला रोज साधारण ५० किलो शेण लागतं, म्हणजे तीन-चार जनावरं हवीत. झारापला भगीरथ प्रतिष्ठान या संस्थेने त्यात खूप काम केलंय, विचारायला तिथे जाता येईल. एका म्हशीवर सुरू करू नको एवढंच.

अजून एक, तुमचं घर वाळूपासून जवळ आहे आणि प्लॅनमध्ये समुद्राच्या बाजूला दोन फ्लडलाइट दिसले. ते काढून टाका ना. नोव्हेंबर ते मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात, वायंगणीला तर कासव महोत्सव होतो, आणि पिल्लं अंधारातून निघून जिकडे उजेड जास्त तिकडे जातात. समुद्रावरचा उजेड सोडून ती तुमच्या फाटकाशी येतील गो. दिवा हवाच तर जमिनीकडे तोंड केलेला, पिवळसर, आणि जेवणं झाली की बंद.

मासे घ्यायला जाताना स्टीलचा डबा न्यायचा, बाजारातल्या बायकांना आता सवय आहे, उलट पिशवी वाचते म्हणून खूश होतात. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत ट्रॉलरवाले चोरून मारतात ते मासे कोणी दिले तरी नको म्हणायचं, तेव्हा माशांच्या पोटात गाबोळी (अंडी) असते. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, आधी सुके बांगडे, गोलमो, सोडे भरून ठेवायचे, आपल्याला तेच तर आवडतं. आणि छोटी पापलेटं स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नकोस. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांना कमीत कमी लांबी ठरवून दिली, पापलेटाला राज्य मासा केलं ते पण त्याच वर्षी, पण पिल्लू कोणी विकत घेतंय तोवर जाळ्यात येणारच.

गणपतीचं तर आत्ताच ठरवूया. पीओपी पाण्यात विरघळत नाही, पर्यात पुढच्या वर्षीपर्यंत हात-पाय तसेच दिसतात. आपल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, अजून मातीचेच करतात, पाट नागपंचमीच्या आधी नेऊन द्यायचा, उशीर झाला तर त्यांची माती संपते. थर्माकोलचं मखर २०१८ पासून बंदच आहे, आणि लागतंय कशाला, माटवी (गणपतीच्या वर टांगायची चौकट) बांधायची, तिला रानातल्या कांगण्या, कवंडाळं, शेरवडं, आंब्याचे टाळे. कळलावी दिसली तर फक्त फूल खुडायचं, कंद उपटला की ती जागा पुढच्या वर्षी रिकामी. जेवणाला केळीची पानं, जास्त माणसं असली तर पोफळीच्या विरीच्या (पानाच्या रुंद देठाच्या) प्लेटी, त्या खड्ड्यात टाकल्या की खत.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाडीतले सगळे मिळून पर्यावर वनराई बंधारा घालतो, सिमेंटच्या रिकाम्या गोणीत माती भरून. मिस्टरांना सांगून ठेव, त्यांची पाठ चांगली आहे. मे मध्ये त्या गोणी काढून पण घ्याव्या लागतात, नाहीतर फाटून समुद्रात जातात, हे काम कोणाला नको असतं, म्हणून मी आत्ताच तुझं नाव लावलंय.

येताना नवीन काही ऑर्डर करू नको. पर्यावरणपूरक म्हणून विकतात ते सामान पण प्लास्टिकात गुंडाळूनच येतं. तुझ्याकडच्या जुन्या साड्या, आईंच्या गोधड्या, स्टीलचे डबे, मोठं पातेलं एवढं आण. तुम्ही दोघं गाडी न काढता ट्रेननेच या, कोकण रेल्वेच्या मार्गाचं २०२२ मध्ये पूर्ण विद्युतीकरण झालंय, सामान टेम्पोने येईल ते येईल. आणि तारीख लवकर कळव, पन्हळ लावणाऱ्याला जूनच्या आधीचं सांगायचंय, मे च्या शेवटच्या आठवड्यात तो कोणालाच सापडत नाही.

आईंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
सुनंदा