पहिली आरसी (रिमोटवर चालणारी छोटी) गाडी घेणाऱ्या सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ७.३० वाजता बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपो मैदानावर जमायचे आहे. पहिली गाडी घेणाऱ्यांनी तोपर्यंत पैसे भरू नयेत. आधी जुन्या सभासदांच्या गाड्या चालवून बघा.

- आपल्या लाल मातीला आणि खडीला १/१० मापाचा (खऱ्या गाडीच्या दहाव्या भागाएवढा) ट्रक बरा. लहान गाडी खड्ड्यात अडकते.
- सुरुवातीला ब्रश्ड मोटर (कार्बन ब्रशवर चालणारी साधी मोटर) पुरे. ब्रशलेस (ब्रश नसलेल्या, जास्त वेगवान) मोटरच्या वेगात नवख्या हाताकडून चाक धरणारा सस्पेन्शन आर्म हमखास तुटतो.
- आर्म, ड्राइव्हशाफ्ट (चाक फिरवणारा दांडा), स्पर गियर (मोटर फिरवते ते मोठे दातेरी चाक) सुटे मिळतात का, हे आधी विचारा. मिळत नसतील तर ती गाडी घेऊच नका, कितीही स्वस्त असो.
- २ सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी चालेल, पण मोटरचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर लायपो मोडवरच (बॅटरी फार उतरण्याआधी मोटर थांबवणारी सेटिंग) हवा. सेल ३ व्होल्टखाली गेला की बॅटरी खराब होते, फुगूही शकते. चार्जिंग बॅलन्स चार्जरनेच (सगळे सेल सारखे भरणारा चार्जर), ५००० एमएएचला ५ अँपिअरने, आणि समोर बसूनच. फुगलेली बॅटरी मैदानावर आणू नये.

'वॉटरप्रूफ' लिहिलेले असले तरी बेअरिंग गंजतात. पावसात चालवल्यावर पुसून तेल द्या.

मुलांसोबत एक मोठे माणूस हवेच. फिरायला आलेल्यांजवळ गाडी नेऊ नये.