गर्डरचं टोक झाकायच्या आधी कोणीतरी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लातुरात सध्या जिकडं बघावं तिकडं खाली दुकानं वर गोडाऊन अशी कामं चालू आहेत आणि बऱ्याच ठिकाणी आरसीसी बीमऐवजी लोखंडी गर्डर नाहीतर जाळीचे जॉइस्ट (अँगल-सळ्या जोडून केलेल्या हलक्या तुळया) टाकून वर डेक शीट (पन्हाळीचा पत्रा) आणि काँक्रीट करतात. काम पटकन होतं, सेंटरिंग वाचतं, त्याला माझी काहीच हरकत नाही. पण गर्डर कुठल्या साइजचा, किती वजनाचा हे सगळे विचारतात, तो टेकलाय कशावर हे कोणीच विचारत नाही.

सगळा भार शेवटी त्या टोकाच्या चार-सहा इंचातूनच खाली उतरतो. गर्डर नुसत्या विटेवर ठेवला तर वीट चिरडते, म्हणून खाली काँक्रीटचा बेड ब्लॉक आणि त्यावर लोखंडी प्लेट पाहिजे. अमेरिकेत तर हलक्या जाळीच्या जॉइस्टलासुद्धा भिंतीवर कमीत कमी ४ इंच आणि स्टीलच्या बीमवर अडीच इंच बेअरिंग, म्हणजे टोकाची टेकलेली लांबी, लागतंच. आपल्याकडं भिंत वाकडी आली, जॉइस्ट आखूड पडला की मिस्त्री म्हणतो चालतंय की, खाली फळीचा नाहीतर विटेचा तुकडा सारून लेव्हल करतो आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टर, मग कोणाला काय दिसणार?

वेल्डिंगचंही तेच. दोन टॅक (तात्पुरते टिपके) मारायचे, बाकीचं नंतर करू म्हणायचं, आणि ते नंतर काही येत नाही. वेल्डवरचा स्लॅग, म्हणजे वर जमलेली खपली, हातोडीनं झाडल्याशिवाय खाली चीर आहे का भोक आहे कळत नाही, पण त्याच्या आधीच वरून रेड ऑक्साइड मारलेला असतो. जॉइस्टला आडवे धरणारे अँगल बसायच्या आधी त्यावर सिमेंटच्या पोत्यांची थप्पी लावलेली मी बघितली आहे, जॉइस्ट अशा वेळी आडवा पडतो आणि खाली लेबर काम करत असतं हो.

आणि हे आपण किल्लारीच्या जिल्ह्यात करतोय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं (मातीची छपरं) झोपलेल्या माणसांवर आली. तेव्हा किल्लारी भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमधे होती, २००२ च्या नकाशात तो भाग झोन ३ मधे घेतला. नुसत्या वजनावर बसलेला गर्डर भिंत हलली की सरकतो, बेअरिंग कमी असेल तर सरळ खालीच येतो, म्हणून टोक अँकर बोल्टनं किंवा गाडलेल्या प्लेटला वेल्ड करून पक्कं धरलेलं पाहिजे.

परवानगीत जोत्याची तपासणी आहे, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र आहे. मधे गर्डरची टोकं झाकायच्या आधी एक तपासणी सक्तीची करा एवढीच मागणी आहे. इंजिनिअरनं स्वतः वर चढून टेपनं बेअरिंग मोजावं, बोल्ट पान्यानं बघावेत, टोकाटोकाचा फोटो काढून सहीनिशी रजिस्टरला लावावा, एका कामाला अर्धा दिवस पुरतो. पालिकेचा नियम होईल तेव्हा होईल, मालकांनी तोवर गुत्तेदाराशी लिहून घेताना हीच अट घालावी आणि ते फोटो हातात आल्याशिवाय प्लास्टर करू देऊ नये, बिलही काढू नये.

आपला,
एक साइट सुपरवायझर, लातूर